फुटक्या झांजेची कड

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी बोटीच्या पंख्यावर बसले होते. खरोखरच बसले होते, कारण वर्कशॉपमधल्या एकुलत्या एका खुर्चीवर गिऱ्हाईक बसलं होतं आणि उठायचं नाव घेत नव्हतं. संपादक म्हणाले, "बाई, पुरुषांच्या क्षेत्रातल्या तुमच्या संघर्षमय प्रवासावर लिहा." प्रवास कसला डोंबलाचा! घरापासून वर्कशॉपपर्यंत चालत जाते, वाटेत मासळी बघते, बरी दिसली तर घेते. संघर्ष म्हणाल तर तो गिऱ्हाइकांशी, आणि तो अजून चालू आहे. त्यावर लिहीन म्हटलं, पण गोड लिहिणार नाही. ते म्हणाले, चालेल. आता भोगा.

आमचं घराणं कासारांचं. बांगड्या भरणारे नव्हे, भांडी घडवणारे. स्टीलची भांडी आली आणि लोकांनी आजीचे हंडे मोडीत घातले, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातोडा खाली ठेवला आणि मिरकरवाडा बंदराच्या रस्त्याला लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, टाकलं. बोटींचे पंखे सरळ करायचे, शाफ्टचे बुश कातायचे, हे आमचं पोटापाण्याचं काम. अण्णा गेले, लेथ माझ्याकडे आलं. त्याला आता इतकी वर्षं झाली, तरी आजही नवं गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारतं, "शेट आहेत का?" मी म्हणते, मीच शेट. मग ते माझ्या पाठीमागे बघतं, खरा शेट कपाटामागे लपून बसलाय की काय म्हणून.

झांजांचं काम आमच्याकडे आलं ते आम्हाला कांसं कळतं म्हणून. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. एवढंच मी जन्मभर सांगत आले, आणि जन्मभर लोक मान डोलावून विचारतात, "म्हणजे पितळच ना?" नाही! पितळ ठोकलं तर वाकतं. कांसं ठोकलं तर वाजतं, आणि वेडंवाकडं ठोकलं तर फुटतं. तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी ज्यांच्या घरी कधी हातातून पडली असेल त्यांना विचारा. तिला पोचा येत नाही, सरळ तडा जातो. त्यातून त्याचा स्वभाव उलटा. लोखंड लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, कांसं बुडवलं की नरमतं. सावकाश निवू दिलं तर बिस्किटासारखं ठिसूळ होतं. म्हणून फुटक्या झांजेला वेल्डिंग करायचं नसतं. सांधा बसतो, आवाज जातो, आणि महिन्याभरात सांध्याच्या शेजारून नवी चीर निघते.

मग करायचं काय? चीर लहान असेल तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडायचं. भेग भरून येत नाही, पण पुढे धावायची थांबते. चीर मोठी असेल तर सगळी झांज गोल कातून लहान करायची, चिरेच्या आतपर्यंत. लहान केली की आवाज चढतो. यापलीकडे इलाज नाही, आणि आहे म्हणणारा थापाड्या.

हे मी सांगते तेव्हा समोरचा ऐकत असतो असं समजू नका. एक ऑर्केस्ट्रावाला झांजेच्या चिरेत नळाच्या गळतीला लावतात ते लुकण भरून घेऊन आला. वर आणि सोनेरी रंग. म्हणे, दिसत नाही ना? मी म्हटलं, डोळ्यांनी वाजवतोस काय? दुसऱ्याने झांज चकचकीत हवी म्हणून चिंच आणि राख लावून इतकी घासली की कड कागदासारखी झाली आणि पहिल्याच हळदीच्या कार्यक्रमात फाटली. तिसरा एक समुद्राकाठचा रिसॉर्टवाला. त्याला फुटक्या झांजांचे दिवे करून हवे होते, जेवणघरात टांगायला. "अँटिक दिसायला हवं," म्हणाला. त्याला दिले करून. दिवे झाले, झांजा सुटल्या. निदान तिथे त्यांना कोणी मारत नाही.

पण ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले ते बाप-लेक निराळे. दोघंही एकाच मापाचे अडाणी, आणि दोघंही ते कबूल करणार नाहीत.

बाप आधी आला. शिमग्याला महिनाभर असेल. गंगाराम, सत्तरीचा, पावस रस्त्याच्या आतल्या एका गावचा शेतकरी. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना भांडायला निमित्त पुरतं. पंच्यात गुंडाळलेली झांजांची जोडी त्याने टेबलावर ठेवली. हातात धरून वाजवायची जुनी काशाची झांज, जाड, मधे वाटीसारखा फुगवटा. एक धड होती. दुसरीवर आरपार चीर, आणि चिरेवर पितळेचा गाळ ओतल्यासारखा जाड सांधा.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"जेटीवरच्या वेल्डरनं."

"का म्हणून?"

"तो म्हनला, लोखंडाच्या बोटी जोडतंय मी, ही तर टिकली हाय."

मी झांज लाकडावर टेकवून बोटाने टिचकी मारली. थप्प. पाट आपटावा तसा आवाज. हातात उचलली तर सांध्याच्या बाजूने तिचे दोन तुकडे झाले. गंगारामने डोळे मिटून घेतले. मला वाईट वाटलं, पण मी आधी बोललेच. "गंगारामदादा, आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायच्या आधी खाटकाकडे नेलंत होय?"

त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग काय झालंय ते सांगितलं. त्यांच्या गावात शिमग्याला देवाची पालखी देवळातून बाहेर पडते ती याच्या घरच्या झांजेवर. ढोल बाकीच्यांचे, पहिली झांज याची. ती वाजल्याशिवाय पालखी खांद्यावर घेत नाहीत. हा मान आजोबापासूनचा. आणि मानाचं असं असतं की एक साल चुकलं की तो शेजारी जातो. शेजारी म्हणजे दत्ताराम, त्याचाच चुलतभाऊ. त्याने बाजारातून पितळेची चकचकीत जोडी आणून देवघरात पुजून ठेवलीसुद्धा.

"मग तुम्हीही बाजारातली आणा," मी म्हटलं.

"ती वाजती कशी ती आयकलीस तू, बाय? डब्याचं झाकण पडल्यागत. आन् मान काशाचा हाय. पितळंची झांज आमच्या घरातून निघाली तर दत्तारामची काय वायट?"

यात मात्र म्हातारा बरोबर होता. मी म्हटलं, धड आहे ती ठेवून जा, तिला जोड मिळते का बघते. मनात म्हटलं, कुठली मिळायला! असं जाड कांसं घडवणारे हात आमच्याच घरातले गेले, बाकीच्यांचं काय सांगू. "घरी कोण आहे तुमच्या?" मी विचारलं. म्हणाला, "पोरगा. पन तो बेंजो पार्टीत ड्रम वाजवतंय." पुढे तोंड वाकडं करून, "रोज सांजचं डबडं बडवीत बसतंय पडवीत. धा वर्सं झाली, कान किटलं." बेंजो पार्टी म्हणजे लग्नाबिग्नाला टेम्पोवर बसून वाजवणारा ताफा. बाप-लेक एका घरात राहत, पण बोलणं बंद. मानाची झांज सोडून पोरगा बर्थडेला वाजवायला जातो, एवढंच कारण. जेवण वाढलंय हेसुद्धा म्हातारा भिंतीला सांगायचा. आता अशा घरात झांज फुटली नसती तर नवल.

आठवडा गेला आणि लेक आला. सुनील. त्याच्या हातात ड्रमची मोठी झांज, परातीएवढी, कडेपासून आत चार बोटं चीर. गंगारामचा मुलगा हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी आधी झांज उचलली आणि टिचकी मारली. चीर असूनही तिचा आवाज हातभर लांब गेला. अस्सल कांसं, परदेशी. राजिवड्याच्या एका खलाशाने जहाजावरून आणलेली, त्याच्याकडून घेतली म्हणाला.

"कशी फुटली?"

"काय ठाव. टेम्पोवर बांधलेली व्हती."

"वरचा नट?"

"तो पान्यानं आवळलेला, काकी. घाटात गाडी हलते ना, पडली तर?"

इथे माझा पारा चढला. ड्रमची झांज दांडीवर सैल ठेवायची असते. मारलं की ती डुलली पाहिजे. डुलली की मार अंगावरून जातो. आवळून बसवली की सगळा मार एका जागी बसतो आणि कड फाटते. हे बेंजो पार्टीवाले एकजात झांजेला टेम्पोचा पार्ट समजतात. पान्याने आवळतात, वरून नायलॉनची दोरी मारतात, आणि ती फुटली की म्हणतात माल खराब. "मेल्या," मी म्हटलं, "तुझे हात बांधून तुला कोणी बडवलं तर तू तरी धड राहशील काय?"

तो हसला. बेरड. मी म्हटलं, चिरेच्या आतून कातून देते. लहान होईल, आवाज चढेल, पण ड्रमवर अजून बरीच वर्षं चालेल. त्याला ते पटलं. हात पुसत उठला आणि त्याची नजर कपाटावर गेली. तिथे गंगारामची धड झांज होती आणि शेजारी फुटकीचे दोन तुकडे.

"ही आमच्या बापाशीची," तो म्हणाला. तुकडे उचलून जुळवून पाहिले, परत ठेवले. "वेल्डिंग केलान म्हाताऱ्यानं?"

"केलान. तुझाच बाप तो."

"आता काय करनार तुमी?"

"काही नाही. असलं कांसं मिळत नाही. मान जाईल दत्तारामाकडे."

सुनील माझ्या टेबलावरच्या स्वतःच्या झांजेकडे बघत राहिला. मला त्याच्या मनातलं लगेच कळलं, पण मी बोलले नाही. ज्याचं त्याने बोलावं. शेवटी म्हणाला, "ह्याच्यातून व्हईल ती?"

होणार होती. मधला फुगवटा जवळजवळ तेवढाच, जाडी तेवढीच, दोरी ओवायला भोक तयार. पण हातातली झांज वीतभर रुंदीची. तेवढी मधून कातून काढली की ड्रमसाठी काहीच उरत नाही, उरते ती नुसती फुटकी कड. मी त्याला स्पष्ट सांगितलं: एकच होईल. तुझी तरी, नाहीतर बापाची. आणि अशी दुसरी तुला मिळायची नाही.

"आता एकदम पुळका कुठून आला?" मी विचारलंसुद्धा. मला असल्या त्यागाच्या गोष्टींचा कंटाळा आहे. उद्या गिऱ्हाईक परत येऊन रडतं.

"पुळका नाय. मान गेला तर तो जगायचा नाय, काकी. मग घरात मी वाजवून कोनाला तरास देऊ?" दारात जाऊन परत वळला. "त्याला सांगू नका. बेंजोचं हाय म्हटलं तर हात नाय लावायचा."

फणसाच्या फळीवर झांज बसवली, मोठ्या लेथवर चढवली आणि साबणाच्या पाण्याची धार धरून अगदी सावकाश कातली. तापू द्यायची नव्हती. मधली चकती सुटून हातात आली तेव्हा तिचा आवाज गंगारामच्या जुन्या झांजेपेक्षा बराच वर होता. मग पाठीमागून थोडी थोडी खरवडली, कारण पातळ केलं की आवाज उतरतो. खरवडायचं, टांगायचं, टिचकी मारायची, ऐकायचं. जोडीतल्या दोन झांजा अगदी एकसारख्या वाजून चालत नाहीत. एक केसभर वर हवी, तरच आवाजाला लाट येते. ती लाट आली तेव्हा मी एकटीच होते आणि मला अण्णांची फार आठवण झाली. आतल्या बाजूला परदेशी कारखान्याचा ठसा होता, त्यातली दोन इंग्रजी अक्षरं चकतीवर आली होती. ती मी घासली नाहीत. तेवढ्या जागी कांसं आणखी पातळ झालं असतं आणि चीर तिथूनच निघाली असती.

गंगाराम न्यायला आला. मी जोडी हातात दिली आणि सांगितलं, जुन्या मोडीत काशाचा तुकडा सापडला, त्यातून केली. त्याने एकदाच वाजवली. आवाज पूर्ण विरेपर्यंत हात तसाच धरून उभा राहिला. मग पंच्यात गुंडाळली आणि म्हणाला, "शिमग्याला ये, बाय. काय झालं तर बगायला कोनतरी व्हया." बरी झाली, छान झाली, काही नाही. आमच्याकडच्या माणसांना कौतुक करताना दात दुखतात.

माल दिला की मी त्याच्यामागे जात नाही. पण गेले. देवळात पालखी सजली होती, ढोलवाले घामाघूम, गावकरी दोन बाजूंना. सुनील मागे खांबाला टेकून, जणू कोणाच्या परक्या लग्नाला आलाय. गंगारामने पंचा सोडला आणि दत्ताराम पुढे झाला. नवा पांढरा शर्ट, बगलेत पितळी जोडी. त्याने गंगारामच्या हातातली झांज उलटी करून सगळ्यांना दाखवली.

"ही बगा! विंग्रजी अक्षरं. ही देवाची झांज नाय. ही बेंजोची हाय. दारूच्या पार्टीत वाजलेली देवापुढं चालनार काय?"

कालवा झाला. काही म्हणाले चालेल, काही म्हणाले बाट लागला. शहाण्यांची तर काय खाणच तिथे. शेवटी ठरलं, देवाला कौल लावा. गुरवाने देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घालायच्या आधी गुरवाने विचारलं, "गंगाराम, देवासमोर हायस. सांग, झांज कशातली?"

म्हाताऱ्याला मीच मोडीचा तुकडा म्हणून सांगितलं होतं. तो तेच सांगणार, दत्ताराम खोडून काढणार, आणि देवळात सगळ्यांसमोर हा माणूस खोटा पडणार. मी पुढे व्हायला लागले, पण गंगाराम आधीच बोलला होता.

"माझ्या पोराच्या झांजंतली," तो म्हणाला. "बाय बोलली मोडीतली. पन मी तिच्या दुकानात वाजवली तवाच वळाखली. धा वर्सं सांजचं आयकतंय, वळाखनार नाय? त्यानं आपली कापून दिलीन. देवाला नको असंल तर देवानं सांगावं, दत्तारामानं नाय."

खांबाजवळ सुनीलने मान खाली घातली. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, आणि खोटं कशाला सांगू, मीही पदर लावला डोळ्यांना.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. कळ्या हलेनात. दत्ताराम तर डाव्या कळीकडे असा बघत होता की ती लाजून पडावी. गंगाराम कंटाळला. म्हणाला, "देवाला आवाज तरी आयकू द्या," आणि दोन्ही हात उचलून झांज वाजवली. देऊळ भरून गेलं. ती लाट भिंतींना लागून परत आली आणि उजवी कळी टपकन खाली पडली.

ती देवाने पाडली की काशाच्या हादऱ्याने, हे मला विचारू नका. दत्तारामने विचारलं, तर चार जणांनी त्याला गप्प बसवलं. पालखी उठली. देवळाच्या पायरीवर गंगारामने जोडी सुनीलच्या हातात दिली आणि ढोलांच्या गोंगाटात ओरडला, "उचल हात!" बोलणं सुरू झालं ते असं, खेकसून.

इथे संपवलं असतं तर संपादक खूश झाले असते. पण गुढीपाडव्यानंतर गंगाराम परत वर्कशॉपमध्ये आला. खुर्चीवर बसला, इकडे तिकडे बघितलं, आणि विचारलं, "ती कड हाय का गो? कापून उरलेली?"

होती, कपाटामागे. "फुटकी आहे," मी म्हटलं. "काय करणार तिचं?"

"टांगतंय पडवीत."

"वाजणार नाही धड."

म्हातारा गुडघ्यावर हात फिरवत राहिला. "पोरगा आता बोलतंय माझ्याशी. जेवतो बरोबर. पन सांजचं काय वाजवीत नाय. ड्रम हाय, पन झांजंशिवाय हात लावीत नाय त्याला. गप बसून ऱ्हातंय. धा वर्सं मी त्याला बंद कर म्हनून वरडलो. आता बंद झालं तर घर खायला उठतंय, बाय. फुटकी तर फुटकी. बडवू दे त्याला."

मी कड काढली. धूळ पुसली, चीर उजेडात धरली, टोक कुठे संपतं ते खडूने आखलं आणि तिथे बारीक भोक पाडलं. त्याला समजावून सांगितलं: भेग भरून येणार नाही, पुढे जाणार नाही एवढंच. दोरी सैल बांधा, आवळू नका. डुलू द्या.

"तेवढं पुरं," तो म्हणाला, आणि कड खांद्यात अडकवून एसटीच्या थांब्याकडे निघाला.

गेल्या महिन्यात दारात दत्ताराम. मला वाटलं पितळी झांज फुटली. पण हा तक्रार घेऊन आलेला. "बाई, तुमी काय दिलंत त्या घरात? रोज सांजचं वाडीत उभं ऱ्हावत नाय. पोरगा वाजवतो ता वाजवतो, पन तो दमला की म्हातारा उठतंय आन् बडवतंय!"

"म्हातारा काय वाजवतो?" मी विचारलं.

"बेंजोतली गानी," दत्ताराम रडकुंडीला येऊन म्हणाला.